पन्नासच्या आत

सेतू केंद्रातला पोरगा माझ्याकडं बघत नाही,
स्क्रीनकडं बघतो.
म्हणतो, मावशी, तुमचा उत्पन्नाचा दाखला
तीन वर्षांमागं निघालेला हाय की.
साठ हजार.

जिंतूरच्या तहसीलीत दुपारी
पंखा फक्त कारकुनाच्या डोक्यावर फिरतो,
बाकीच्यांनी आपापल्या कागदानं वारा घ्यायचा.
मी रेशनकार्डानं घेत होते.
हात तिथंच थांबला.

परभणीच्या सरकारी दवाखान्यानं
माझा पाय मोजून दिलाय : बासष्ट टक्के.
त्यासाठी तीन बुधवार गेले, चौथ्याला डॉक्टर सापडला.
म्हणजे उरलेल्या अडोतीस टक्क्यांत
मी साठ हजार कमावले,
असं आता सरकार म्हणतं.
निराधारला पन्नासच्या आत पाहिजे.

साठ मीच सांगितले होते.
पिकोची मोटरवाली मशीन घ्यायची होती,
जुन्या पायडलला दोन पाय लागतात.
बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, उत्पन्न दाखवा बाई,
नसलेल्याला कोण उसनं देतं?
तलाठ्यानं पेन उघडलं, किती लिहू सोजरबाई?
मागं कौसा उभी होती, माझी भावजय,
जी माझ्या ताटात भाकर टाकताना
अर्धी मोडून डोळ्यानं विचारायची, पुरंल ना?
मी तिला ऐकू जाईल असं म्हटलं,
लिहा साठ.

त्या दिवशी घरी चहा आला
तो पाहुण्यांच्या कपात.

खरा हिशेब कुणी विचारत नाही.
फॉलचे तीस, पिकोचे वीस,
दोऱ्याची रीळ वेगळी.
लग्नसराईत डोळे दुखेपर्यंत साड्या,
आषाढ लागला की मशीनवर मांजर झोपतं.
हप्ता मात्र दर महिन्याला अकराशे,
त्याला आषाढ कळत नाही.
आणि लाइट जाते ती
ऐन वरमाईच्या साडीला.

पोरगा म्हणाला, नवीन दाखला काढा,
चौकशी होईल, लोक घरी येतील.
नसीमबीनं ऐकलं तशी म्हणाली, आपा,
मशीन माझ्याकडं ठेव, दोन दिवसांचा तर प्रश्न.
तिची दोन पोरं आली, उचलून घेऊन गेली
मयत नेतात तशी गप्प.
खोलीत फरशीवर चार खुणा राहिल्या,
पायांच्या, स्वच्छ, बाकी फरशी काळी.
मी त्यांच्यावर सतरंजी टाकली
आणि सतरंजीवर बसले,
गरीब कसं दिसावं याचा विचार करत.
कुबडी पुढं ठेवावी का मागं?
कुंकू लावलं होतं, पुसून बारीक केलं.

तलाठी नवा होता, तरणा, घाम पुसत आला.
पाणी मागितलं. दिलं.
काय करता, मावशी?
काही नाही, म्हटलं. भाऊ बघतो.
हे म्हणताना जीभ अशी जड झाली
की जणू तिलाही टक्के लावावेत.
तो लिहू लागला.
मी त्याच्या पेनाकडं बघत होते,
पेन खाली खाली उतरत होतं,
पन्नास, चाळीस, तीस,
आणि मी सतरंजीवर बसल्या बसल्या
बारीक होत होते.

बरोबरचा कोतवाल डिगांबर
दाराशी तंबाखू मळत होता.
सहज म्हणाला, आक्का,
आमच्या घरचीची मोरपंखी साडी
आठ दिवस झाले तुमच्याकडं,
कव्हा देता?

पेन थांबलं.
बाहेर नसीमबीच्या घरातून
मशीनचा आवाज येत होता.
तिची पोरगी माझ्याच दोऱ्यानं
कसलं तरी कापड शिवून बघत होती,
वाकडं, पण शिवत होती.

साडी कपाटात होती, घडी करून.
मी कुबडी घेतली, उठले.
सतरंजी सरकली.
डिगांबरच्या हातात साडी दिली, म्हटलं,
पन्नास झाले.
फॉल कडक लागलाय, एकदा धुवा, मग नेसा.

तलाठ्यानं खुणांकडं बघितलं,
माझ्याकडं बघितलं,
आणि काहीतरी लिहिलं.
काय ते मला दिसलं नाही,
चष्मा मशीनच्या खणात गेला होता.